काटा खाली आला तरी

"काटा खाली आला म्हणून खूश नका होऊ भाऊ. आत पाणी नाही, हवा हाय."

मे महिन्याची दुपार, नागपूरचा वर्धा रोड. मिस्त्रींचं हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

जुनी दोन सीटची स्पोर्ट्‌स कार. इंजिन सीटच्या मागं, रेडिएटर पार पुढं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, गाडीच्या पोटाखालच्या लांब पाइपांतून फिरतं. त्यात हवा अडकली की ते फिरणं थांबतं. तापमान मोजणारा सेन्सरही हवेत उघडा पडला तर डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा चक्क खाली येतो! इंजिन भाजतंय आणि काटा म्हणतोय, सगळं ठीक.

आधीच्या गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅटच (इंजिन तापल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला होता. या मिस्त्रींनी तो परत बसवला. इंजिन थंड होऊ दिलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवला, हवा बाहेर सोडणारे ब्लीड स्क्रू ढिले केले आणि बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत कूलंट ओतत राहिले. जराही घाई नाही. मला हा माणूस फार आवडला.

"नागपूरचं ऊन, गाडी तापणारच," असं आपण सहज म्हणतो. पण इंजिनातलं कूलंट ९० अंशांच्या आसपास असतं. बाहेरची ४५ अंशांची हवाही त्याला थंडच की!

असे मिस्त्री तुमच्या भागात कुठं आहेत?