तुम्ही विचारलंत म्हणून: एलईडीत अजून काय शोधायचं राहिलंय?

मी एलईडीच्या मटेरियलवर काम करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अहो पण एलईडी तर सगळीकडे आलेत, निळ्याला २०१४ साली नोबेलपण मिळालं, मग आता काय शोधताय?"

हिरवा शोधतेय. खरंच, माझी बरीचशी वर्षं हिरव्यातच गेली.

डोळ्याला दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केला, झगझगीत निळा यायला मात्र १९९३ उजाडलं. कारण निळ्याचं मटेरियल, गॅलियम नायट्राइड, नीलमच्या चकतीवर वाढवावं लागायचं आणि दोघांच्या अणूंमधली अंतरं जुळत नाहीत, जवळपास १६ टक्क्यांचा फरक, त्यामुळे थर खडबडीत यायचा, तडे जायचे. आकासाकी आणि आमानो या जपानी शास्त्रज्ञांनी आधी कमी तापमानाला ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळसा थर दिला आणि मग कुठे वरचा थर नीट बसला. तरीही त्यात एका चौरस सेंटीमीटरमध्ये अणूंच्या रचनेतले दहा कोटींच्या वर दोष राहतात, लाल एलईडीच्या मटेरियलमध्ये एवढे असते तर तो जवळपास मेलाच असता, आणि हा निळा मात्र मस्त पेटतो! याच कोड्यापायी मी या विषयात आले.

आता हिरवा. त्याच मटेरियलमध्ये इंडियम या धातूचं प्रमाण वाढवत नेलं की रंग निळ्याकडून हिरव्याकडे सरकतो, ऐकायला सोपं आहे, पण गॅलियम नायट्राइडला हजार अंशांच्या वर तापमान लागतं आणि तेवढ्यावर इंडियम थरात टिकतच नाही, म्हणून सातशेच्या आसपास खाली यावं लागतं आणि तिथे थराची प्रत घसरते. शिवाय इंडियमचा अणू मोठा, थर ताणाखाली येतो, त्या ताणाने आत विद्युत क्षेत्र तयार होतं आणि दोन-तीन नॅनोमीटरच्या थरात इलेक्ट्रॉन एका कडेला, होल (म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) दुसऱ्या कडेला. ते दोघं भेटले तरच प्रकाश ना! लालवाल्या मटेरियलकडून हिरव्याकडे यावं तर तिथेही वेगळ्या कारणाने प्रकाश कमी होत जातो. म्हणजे आपल्या डोळ्याला जो रंग सगळ्यात जास्त जाणवतो तिथेच दोन्ही बाजूंनी खड्डा.

मग हिरवा हवाच कशाला? तर आजचा पांढरा एलईडी म्हणजे बहुतेक वेळा निळा एलईडी आणि वर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणारा पदार्थ, आणि निळ्याचा पिवळा करताना थोडी ऊर्जा उष्णता होऊन जातेच. लाल, हिरवा, निळा सरळ मिसळता आले तर हे नुकसान टळेल, आणि मला ते मनापासून व्हायला हवंय.

रोजचं काम म्हणाल तर रिअ‍ॅक्टरमधून (थर वाढवायच्या भट्टीतून) चकती काढायची, अंधारात लेझर टाकायचा आणि बघायचं. मागे एक चकती आली, मधे निळी आणि कडेला सुंदर हिरवी, मी कितीतरी वेळ बघत बसले होते. गरम होताना चकती जराशी वाकली होती, कड थोडी थंड राहिली, तेवढ्यानेच तिथे इंडियम जास्त बसलं. सध्या ती कडेची हिरवी जागा मधोमध आणायचा प्रयत्न चाललाय, एकेक अंश खाली घेत.