रावणाची दहा डोकी आणि माझं एकच

"शून्याचा शोध आर्यभटाने लावला, तर त्याआधी रावणाची दहा डोकी मोजली कोणी?" गणिताच्या इतिहासावर बोलून झालं की हा प्रश्न येतोच, आणि विचारणारा असा हसतो की जणू तो पहिल्यांदा त्यालाच सुचलाय. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मोजायला शून्य लागत नाही. रोमनांनी त्याच्याशिवाय साम्राज्याचे हिशेब ठेवले. दश, शत, सहस्र तर वेदांतच आहेत. शून्य लागतं आकड्यांत लिहिताना, रिकामं स्थान दाखवायला. आर्यभटाकडे (४९९ च्या सुमारास) स्थानागणिक दहापट हे तत्त्व आहे, पण तो संख्या अक्षरांनी लिहितो. शून्याचं चिन्ह नाही. रिकाम्या जागेची खूण बाबिलोनमध्ये इसवी सनापूर्वीच होती. मग लगेच पुढचा प्रश्न: "म्हणजे शून्य आपलं नाहीच का?"

याच प्रश्नापायी एक व्याख्यान माझ्या अंगाशी आलं. मी ब्रह्मगुप्ताबद्दल सांगत होतो. ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्याने शून्याला धन आणि ऋण यांच्या पंगतीला बसवलं, बेरीज-वजाबाकीचे नियम घालून दिले. शून्यातून ऋण वजा केलं की धन. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असंही तो म्हणतो, आणि हे मात्र आज आपण मानत नाही, एवढंच मी पुढे बोललो. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "पूर्वजांच्या चुका काढायला बोलावलंय का तुम्हाला?" टाळ्या पडल्या. मी फळ्याकडे वळलो: पाच गुणिले शून्य शून्य, सात गुणिले शून्यही शून्य, मग शून्याला शून्याने भागून येणार काय, पाच की सात? फळ्याकडे कोणी बघतच नव्हतं. संयोजकांची चिठ्ठी आली, आवरतं घ्या. आभारात माझं नाव राहून गेलं. त्या गृहस्थांचा मला फारसा राग नाही. टाळ्यांचा आहे, अजून.

तेव्हा सांगायचं राहिलं ते असं. बाबिलोनच्या लेखनिकाला भागाकाराची ही चूक करताच आली नसती. नुसत्या खुणेने कोण कशाला भागायला जाईल? शून्य ही संख्याच आहे असं धरून चालणाऱ्यालाच भागाकाराशी भिडावं लागतं. पाचशेहून अधिक वर्षांनी भास्कराचार्यही तिथेच घुटमळले. शून्याने भागून आलेल्या खहर राशीत काही मिळवा, काही काढा, ती बदलत नाही, अनंत अच्युतासारखी, असं त्यांनी बीजगणितात लिहिलं. मला ते फार आवडतं. गणित म्हणून ते पुरत नाही, हेही खरंच.

राहता राहिला बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन. त्याच्या शून्यतेतूनच गणिताला शून्य मिळालं, असं तरुणपणी मी ठणकावून सांगत असे. तो तरुण आज भेटला तर त्याला विचारेन, पुरावा काय? नागार्जुन 'काहीच नाही' असं म्हणतच नाही. कशालाही स्वतःचा स्वतंत्र स्वभाव नाही, सगळं दुसऱ्यावर अवलंबून आहे, एवढंच त्याचं म्हणणं. यावर तो तरुण म्हणेल, मग एकट्याने किंमत नसलेलं आणि शेजारच्या आकड्याची किंमत दहापट करणारं ते चिन्ह दुसरं काय सांगतं? याला माझ्याकडे उत्तर नाही. पुरावा मात्र तो तेव्हाही दाखवणार नाही.