नॉट सपोर्टेड

मंगळवार, रात्री साडेअकरा

माहेरी आले ती आईच्या गुडघ्यासाठी. ऑपरेशनला महिना होत आला, वॉकर घेऊन ती स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि तिथून सगळ्यांना सूचना देते. मला करायला फारसं काही उरलेलं नाही. हे बाबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मला काम लावलं.

गेल्या महिन्यात कोल्हापुरात आक्काआत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. मिरजेपासून कोल्हापूर जेमतेम पन्नास किलोमीटर. पण नेमकी त्याच आठवड्यात ऑपरेशनची तारीख मिळाली आणि बाबांना सख्ख्या बहिणीच्या सोहळ्याला जाता आलं नाही. आता शूटिंगचा पेन ड्राइव्ह आलाय. "तुझ्या आईला बघायचंय," बाबा म्हणाले. आतून आईचा आवाज आला, "मला नाही, यांना बघायचंय. रोज दोनदा तो ड्राइव्ह खिशातून काढून बघतात."

मी लॅपटॉप उघडून दिला. बाबांनी चार मिनिटं पाहिलं आणि उठले. "हे तुझं ऑफिसचं. टीव्हीवर लाव." टीव्ही म्हणजे एकवीस इंची, मागे पोट असलेला. त्याला एचडीएमआयचं भोक नाही, माझ्या लॅपटॉपला पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची जागा नाही. दोघांच्या मध्ये दुवा एकच: २००८ साली बाबांनी लक्ष्मी मार्केटमधून आणलेला डीव्हीडी प्लेअर. पुढे यूएसबीचं तोंड आहे, म्हणजे आशा आहे.

लावला तर चित्र काळं-पांढरं, वर सरकणारं. "गेला," बाबा म्हणाले, पण त्यांचा चेहरा 'जाऊ देणार नाही' असाच होता. मी तिन्ही पिना काढून पुसून लावल्या. तेच. मग रिमोटवरचं प्लास्टिक सोलून बघितलं (इतक्या वर्षांचा चिकट थर, आईला हे सांगायचं नाही) तर 'पी/एन' असं एक बटण सापडलं. धूळ पुसताना कुणाच्या तरी हातून ते दाबलं गेलं असणार. आपल्याकडे जुन्या टीव्हीची पद्धत पाल, सेकंदाला २५ चित्रं आणि ५७६ ओळी. अमेरिका-जपानकडची एनटीएससी, ४८० ओळी आणि तीसच्या आसपास चित्रं. प्लेअर एनटीएससीत बोलत होता आणि टीव्हीला त्यातले रंग कळत नव्हते. बटण दाबलं, निळा पडदा आला, चांगला गडद निळा.

पेन ड्राइव्ह लावला. 'नो यूएसबी'.

बाबांनी प्लेअरच्या डोक्यावर दोनदा थोपटलं. हा उपाय त्यांनी रेडिओपासून प्रत्येक यंत्रावर केलेला आहे. ट्रे उघडला तर आत अभंगांची व्हीसीडी. बघा, एवढी वर्षं हा गृहस्थ तोंडात घास धरून बसला होता. ती काढली तरी 'नो यूएसबी'च.

बुधवार, दुपार

कारण सापडलं, आणि तसं ते साधं होतं. हा नवा ड्राइव्ह ६४ जीबीचा. असे मोठे ड्राइव्ह दुकानातून येतात तेच बहुधा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन. जुन्या प्लेअरला फक्त फॅट३२ वाचता येतं. ड्राइव्ह बिघडलेला नाही, प्लेअर बिघडलेला नाही. एकाची लिपी दुसऱ्याला येत नाही, इतकंच.

आईच्या कपाटात लग्नपत्रिका, बँकेची पासबुकं आणि एक ८ जीबीचा जुना पेन ड्राइव्ह निघाला. तो फॅट३२. त्यावर मुख्य फाइल चढवायला गेले तर लॅपटॉप म्हणाला, फाइल फार मोठी आहे. जागा सात जीबीवर, फाइल ५.६ जीबीची, मग अडलं कुठे? तर फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालतच नाही. ड्राइव्हवर जागा कितीही रिकामी असो. बाबांना हे पटेना. "म्हणजे गोदाम मोठं, पण दार लहान," असं मी म्हटल्यावर पटलं. ते मार्केट यार्डात नोकरीला होते.

लहान फाइली चढवल्या. नावं मराठीत होती, 'दिवे', 'तुला', 'पंगत'. टीव्हीवर तिन्हींच्या जागी चौकोन चौकोन. तरी एक उघडली. पडदा काळा, आणि वर 'कोडेक नॉट सपोर्टेड'.

आक्काआत्याच्या नातवाला फोन केला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. "आत्या, मी मुद्दाम एव्हीआय करून दिलंय ना, जुन्या प्लेअरवर चालायला." कसं केलंस? "नाव बदललं. एमपी४ काढून एव्हीआय लिहिलं."

मी काही बोलले नाही. इंजिनिअरिंगला आहे, पुढे देश चालवायचाय.

बाबांना हे समजावायला मात्र मला आईच्या फळीचा उपयोग झाला. एव्हीआय काय, एमपी४ काय, ते डबे आहेत. आत चित्र एका पद्धतीने भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या. ज्या पद्धतीने भरलंय ती म्हणजे कोडेक. डब्यावर 'रवा' लिहिलं म्हणून आत रवा असतोच असं नाही. आपल्याकडच्या रव्याच्या डब्यात वीस वर्षं सुईदोरा आहे. आणि इथे तर नुसती चिठ्ठी बदललीय, डबाही तोच.

"मग चिठ्ठी बदलून काय उपयोग? आतलं बदल," बाबा म्हणाले.

तिसऱ्या वर्षापर्यंत जे शिकवलं गेलं नाही ते दहा सेकंदांत.

बुधवार, रात्री उशिरा

मीडियाइन्फो नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे, तो डबा न उघडता आत काय आहे ते सांगतो. आत होतं: चित्र एच.२६४, आकार १९२० बाय १०८० ठिपके, आवाज एएसी. प्लेअरच्या तोंडावरचा स्टिकर सांगतो 'डिव्हएक्स'. म्हणजे त्याला एमपीईजी-४ची जुनी शाखा कळते, चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६, आवाज एमपी३. एच.२६४ हे २००३ सालचं, म्हणजे प्लेअर विकत घेतला तेव्हा ते अस्तित्वात होतं. पण ते सोडवायला जास्त ताकदीची चिप लागते आणि स्वस्तातल्या प्लेअरमध्ये ती कोण घालणार?

त्या डिव्हएक्सची गोष्ट मला फार आवडते. १९९९च्या सुमाराला ज्येरोम रोता नावाच्या एका फ्रेंच तरुणाने मायक्रोसॉफ्टचा कोडेक फोडून एव्हीआयच्या डब्यात बसवला. नाव ठेवलं ते अमेरिकेत नुकत्याच आपटलेल्या, भाड्याच्या डिस्कच्या एका योजनेचं, आणि पुढे डोळा मारणारी हसरी खूण जोडली. डीव्हीडीवरचा अख्खा सिनेमा एका सीडीत मावायला लागला. त्याआधी आपण व्हीसीडी बघायचो, एका डिस्कवर ७४ मिनिटं, म्हणजे हिंदी सिनेमा दोन-तीन डिस्कमध्ये. डिस्क बदलायला उठणं हाच इंटरव्हल. या चोरट्या कोडेकची पुढे रीतसर कंपनी झाली, आणि तिचं चिन्ह मिरजेतल्या आमच्या शोकेसमध्ये सोळा-सतरा वर्षं चिकटून आहे.

असो. एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रॅमने फाइल बदलायला लावली. काळ्या खिडकीत एक लांब ओळ लिहायची आणि गप्प बसायचं. पहिल्या फेरीत आकार ७२० बाय ४००, चित्र एमपीईजी-४, वर 'एक्सव्हिड' ही खूण. प्लेअर ही चार अक्षरांची खूण बघूनही फाइल नाकारू शकतो, हे मला पूर्वी एकदा कळलं होतं. चाळीस मिनिटं लागली.

चित्र आलं! आक्काआत्या हिरव्या पैठणीत पाटावर बसलेली. ओठ हलतायत आणि आवाज शून्य. मी आवाज एएसीच राहू दिला होता.

आई म्हणाली, "मुकी बरी दिसते. जन्मात पहिल्यांदा."

बाबा हसले नाहीत.

गुरुवार

दुसरी फेरी: आवाज एमपी३. आवाज आला, पण चित्र दर दोन सेकंदांनी अडखळायला लागलं. गुरुजींचा मंत्र पुढे आणि हात मागे. उत्तम दर्जाच्या हौसेने मी माहितीचा प्रवाह फार जाड ठेवला होता. या प्लेअरचं यूएसबीचं तोंड जुनं आणि अरुंद, त्याला एवढं गिळवत नाही. (पुन्हा गोदामाचं दार. बाबांनी स्वतःच सांगितलं.)

तिसऱ्या फेरीत प्रवाह दीड हजार केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे किलोबिट, ठेवला. ५.६ जीबीची फाइल सव्वा जीबीवर आली. लॅपटॉपवर बघितलं तर पैठणीचा काठ जरा पुसट झालाय. एकवीस इंची टीव्हीवर काही कळत नाही. त्या टीव्हीचं एक बरं आहे, तो फार काही मागत नाही.

फाइलींची नावं ०१, ०२, ०३ अशी ठेवली. चौकोनांचा प्रश्न सुटला आणि क्रमही लागला.

मोबाइलवर उभे काढलेले तुकडे मात्र 'रिझोल्युशन नॉट सपोर्टेड' म्हणून परत आले. माझीच चूक. सवयीने रुंदी ७२० लिहिली, मग उभ्या चित्राची उंची १२८० झाली. उंची ५७६वर आणून दोन्ही बाजूंना काळे पट्टे भरले. आता उभ्या चित्रात माणसं दाराच्या फटीतून बघितल्यासारखी दिसतात. लोक मोबाइल आडवा का धरत नाहीत, हा प्रश्न मी कोल्हापूरच्या मंडळींना या जन्मात विचारणार नाही.

संध्याकाळी शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "एवढ्या खटपटीपेक्षा नवा टीव्ही का घेत नाही?" बरोबर आहे त्यांचं. मीही सोमवारी हेच म्हटलं होतं. बाबा म्हणाले, "हा चालतोय की." आज दिवसभर मी त्यांच्याच बाजूने लढले आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

शुक्रवार, रात्र

आठ वाजता लावलं. आई पाय स्टुलावर ठेवून, काकू आणि त्यांची सून खाली सतरंजीवर, बाबा खुर्चीत, रिमोट त्यांच्या हातात.

पावणेदोन तास एकदाही अडलं नाही. ८१ दिव्यांनी ओवाळताना वर्तुळात बायका उभ्या आहेत, ताट जड झालंय, कुणीतरी खालून हात लावतंय. काकू प्रत्येक साडीची चौकशी करत होत्या. आई प्रत्येक माणसाचं नातं सांगत होती, त्यातली निम्मी मला नव्याने कळली.

शेवटी फोटोग्राफरने आक्काआत्यापुढे माइक धरला आहे, चार शब्द बोला म्हणून. ती आधी लाजते. मग कॅमेऱ्याकडे न बघता, दुसरीकडेच बघून म्हणते, "बाळू, तिचा गुडघा बरा झाला की दोघं या. पाटावर बसायला मला आता जमत नाही, खुर्ची घेऊन बसू."

घरात बाबांना बाळू म्हणणारं आता तेवढंच एक माणूस उरलंय.

बाबांनी रिमोट उचलला. मागे घ्यायचं बटण एकदा दाबलं की दुप्पट वेग, दोनदा दाबलं की चौपट, आणि बाबांनी ते तीनदा दाबलं. चित्र एकदम दिव्यांपर्यंत गेलं. परत ताट, परत साड्या, परत ती लाजते. मग पुन्हा मागे, पुन्हा दिव्यांपर्यंतच. मी उठून रिमोट घेणार होते. आईने मला हातानेच खाली बसवलं.

काकू साडेदहाला गेल्या. ०४ नंबरची पंगत मात्र आडवी आलीय. ताटांवर मोबाइल पालथा धरून शूटिंग केल्याने उभं-आडवं कोणतं हा त्या मोबाइलचाच गोंधळ झालाय. मान वाकडी करून जिलेबी बघावी लागते. आईला ती पंगत बघायचीय, कारण मठ्ठा कुणी केला होता यावर वाद आहे. माझी एसटी सव्वानऊची. सकाळी लवकर उठून नव्वद अंशांत फिरवून देते.