तुम्ही विचारलंत म्हणून: मागचं सोडायचं म्हणजे विसरायचं का?

नागपुरात सदरच्या चर्चमध्ये उपासना संपवून बाहेर पडताना, शेजारच्या बायकांत बसले असताना, कधी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातो. "तुमच्यात म्हणतात ना, जुनं गेलं, सगळं नवं झालं. मग तुम्ही खरंच सगळं विसरता का हो?" विचारणाऱ्या सगळ्या ख्रिस्ती असतात असं नाही. पण बहुतेकींच्या मनात कोणीतरी एक माणूस असतो आणि त्याने केलेलं काहीतरी असतं. म्हणून हे उत्तर घाईत देऊ नये असं मला वाटतं.

नाही, आम्ही विसरत नाही. विसरा असं आमचं शास्त्रही सांगत नाही. मेलेल्यांतून उठलेल्या प्रभू येशूच्या हातांवर वधस्तंभाच्या खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, आणि थोमा या शिष्याला त्याने त्याच दाखवल्या.

हा प्रश्न निघतो तो बहुधा बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या एका वचनावरून. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की मागचं मागे टाकून मी पुढच्या खुणेकडे धावतो आहे. कॅलेंडरवर तेवढंच छापतात. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला पौल आपली सगळी कुळकथा मांडून बसलेला आहे: आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामिनाच्या वंशातला, परूशी म्हणजे यहुदी धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, नियमशास्त्रात निर्दोष, आणि ख्रिस्ती मंडळीचा छळ करणारा. सगळं विसरलेला माणूस असं लिहील का? आणि हे सांगून तो सोडतो काय, तर मान. कुळाचा, शिक्षणाचा, धार्मिकतेचा. 'मागचं सोड' म्हटलं की आपल्याला फक्त झालेले अपमान आठवतात. मला वाटतं, अपमानापेक्षा मान सोडणं जास्त कठीण आहे, आणि पौलाने सुरुवातच तिथून केली.

आपल्या नागपुरात हे मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथेच सहा वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन परंपरेतले होते, बाप्टिस्ट होते, मेथडिस्ट होते. बिशप असावेत की नसावेत, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा की विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्या माणसाला, यावर त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले होते. एकीकरणात बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती ठेवल्या. कोणाचाही इतिहास पुसला गेला नाही. आजही जुन्या घरांतली माणसं "आम्ही मूळचे स्कॉटिश मिशनचे" असं कौतुकाने सांगतात, त्यात इथे आलेल्या स्कॉटिश मिशनरी हिस्लॉप साहेबांचं नावही येतं. फक्त त्या इतिहासाच्या जोरावर शेजारच्या बाकावरच्या माणसाला कमी लेखायचा हक्क त्यांनी सोडला. हे करणाऱ्या त्या पिढीबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

आता दुखापतीबद्दल, कारण तुम्हाला खरं तेच विचारायचं असतं.

वडिलांच्या मागे घराच्या वाटणीत मला डावललं गेलं. ज्यांनी ते केलं ती माणसं जवळची आहेत, आजही समोर येतात. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेचा हिशोब कर्जाच्या भाषेत आहे, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, तीही कर्जाचीच. एका चाकराला राजाने दहा हजार तलांतांचं कर्ज सोडलं. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दिवसांची मजुरी. सात जन्मांत फिटणार नाही इतकं ते कर्ज. तोच चाकर बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, सोबत्याचा गळा धरतो. लक्षात घ्या, शंभर दिनार काही थोडे नव्हेत. प्रभू असं म्हणत नाही की तुझं नुकसान झालंच नाही. त्या चाकराचा हिशोब खरा आहे, माझाही खरा आहे. मी सोडते ती वसुली: मनातल्या मनात त्यांना उभं करून रोज जाब विचारणं, त्यांच्या घरी काही वाईट झालं की 'बरं झालं' वाटणं.

हे एकदा करून भागत नाही. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला जाण्याआधी मी त्यांची नावं घेते, सोडते, आणि नाताळात त्या घरावरून रिक्षा गेली की सगळं परत वर येतं. मग परत सोडायचं. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर हे प्रभूने पेत्र या शिष्याला सांगितलं, ते मला या एकाच गोष्टीसाठी सांगितलंय असं वाटतं.

एक गोष्ट मात्र मी जोर देऊन सांगते, कारण आमच्याच लोकांकडून ती चुकीची सांगितली जाते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'तू ख्रिस्ती आहेस ना, झालं गेलं विसर आणि परत जा' असं कोणी सांगत असेल, तर ते सुवार्तेच्या विरुद्ध आहे. तिने मनातली वसुली सोडावी आणि पोलिसांतही जावं. दोन्ही एकाच वेळी करता येतं. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय नावाच्या जकातदाराला प्रभूने स्वीकारलं तेव्हा जक्कय नुसता रडला नाही. ज्यांना लुबाडलं होतं त्यांना चौपट परत करीन म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली. चूक करणाऱ्याने मागचं सोडायचं ते असं, भरपाई करून. म्हणून वाटणीतला माझा हिस्सा मी कागदावर अजून मागते, आणि त्याच घरी आजारपणात डबाही नेते. लोकांना हे विचित्र वाटतं. मला त्यात विसंगती दिसत नाही.

आणि समोरचा माणूस हयातच नसेल तर? हे विचारताना बायकांचा आवाज बदलतो. त्यांना मी दाखल्याकडेच परत नेते. राजाने कर्ज सोडलं तेव्हा त्याला चाकराची सही लागली नाही. कर्ज ज्याचं येणं असतं तोच ते सोडू शकतो, देणेकरी आज असो वा नसो. ज्यांना हवं असेल त्यांच्यासोबत मी बसते, त्या माणसाचं नाव आणि त्याने जे केलं ते देवापुढे मोठ्याने बोलून टाकायला सांगते. बोलायला वेळ लागला तर लागू द्यावा, मला घाई नसते.