दोन पुस्तकांतली मुंबई

आज दुपारी नागपाड्यातून चालत गेले. डोक्यात दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन होतं, १९७८ सालचं. त्यातला कावाखाना, म्हणजे ते राहायचे ती वस्ती, याच भागातला. चिंध्या, कागद, काचा गोळा करून घर चालवणाऱ्या बायकांचा.

घरी येऊन गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ उघडलं. ते १८६३चं, म्हणजे बोरीबंदर-ठाणे आगगाडीला तेव्हा जेमतेम दहा वर्षं झालेली. बाजार, देवळं, नाना जातींची माणसं... किती हौसेनं लिहिलंय! फार जीव आहे माझा या पुस्तकावर. पण शहर अंगावर वाहणाऱ्यांची भूक त्या कौतुकात मावत नाही, ती आत्मकथनातच भेटते. शाळा-कॉलेजात मुंबईचा इतिहास शिकवताना ‘बलुतं’ सोबत हवंच.

गिरणगावातल्या बायकांनी स्वतः लिहिलेलं काही वाचलं असेल तर नक्की कळवा.