राजकन्या की 'इन्फान्ता'? स्पॅनिशमधल्या राजपदव्या

मराठीत राजाच्या कुठल्याही मुलीला राजकन्या म्हटलं की काम भागतं. स्पॅनिशमध्ये तसं नाही. स्पेनचे राजे फेलिपे सहावे यांना दोन मुली आहेत. थोरली लेओनोर 'प्रिन्सेसा दे आस्तुरियास', धाकटी सोफिया 'इन्फान्ता'. राजाच्या अपत्यांपैकी 'प्रिन्सिपे' किंवा 'प्रिन्सेसा' होतो तो फक्त गादीचा वारस. बाकीची भावंडं 'इन्फान्ते' आणि 'इन्फान्ता'. त्यामुळे सोफियाला 'प्रिन्सेसा' लिहिलं, की ती वारस आहे असाच अर्थ निघतो. जुन्या पोर्तुगालमध्येही 'इन्फान्ते' चालत असे. ब्रिटन, स्वीडन, जपान इथल्या राजघराण्यांतल्या मुलींना मात्र 'प्रिन्सेसा'च लिहायचं. म्हणून शब्द निवडण्याआधी नातं पाहू नका, देश आणि पद पाहा.

'राणी' हा शब्द त्याहून फसवा आहे. नुसतं 'रेइना' म्हटलं तर राज्य करणारी कोण आणि राजाची पत्नी कोण, हे कळत नाही. फेलिपे सहावे यांच्या पत्नी लेतिसिया या 'रेइना कोन्सोर्ते'. एकोणिसाव्या शतकातल्या इसाबेल दुसऱ्या स्वतः गादीवर होत्या, म्हणजे 'रेइना तितुलार'. राजाची विधवा 'रेइना बिउदा', राजमाता 'रेइना माद्रे', आणि मुलगा लहान म्हणून कारभार पाहणारी 'रेइना रेखेन्ते'. आल्फोन्सो तेराव्याची आई मारिया क्रिस्तिना हिने 1885 ते 1902 असा कारभार पाहिला. मूळ मजकुरात गोंधळ होण्यासारखं असेल तिथे हे विशेषण गाळू नये.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. गादीवरच्या राणीचा नवरा आपोआप 'रेय', म्हणजे राजा, होत नाही. इसाबेल दुसरीचा पती फ्रान्सिस्को दे आसिस 'रेय कोन्सोर्ते' होता, पण 1987च्या शाही आदेशानुसार आता स्पेनमध्ये अशा पतीला 'प्रिन्सिपे' ही पदवी मिळते. काळ बदलला की शब्दही बदलतो.

अनेकवचनात तर अनुभवी अनुवादकही अडकतात. 'लोस रेयेस' म्हणजे बहुतेक वेळा 'राजे' नव्हे, तर राजा आणि राणी. 'लोस रेयेस कातोलिकोस'चं 'कॅथलिक राजे' असं भाषांतर केलं, तर दोन पुरुष डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात ते इसाबेल आणि फेर्नान्दो हे दांपत्य. 'लोस दुकेस' हेही बहुधा ड्यूक आणि त्यांची पत्नी.

अंक वाचण्याची रीत वेगळी आहे. दहापर्यंत क्रमवाचक: फेलिपे 'सेस्तो', आल्फोन्सो 'देसिमो'. अकरापासून साधी संख्या: आल्फोन्सो 'त्रेसे', लुईस 'कातोर्से' (चौदावा). रोमन अंकापुढे टिंब किंवा प्रत्यय लावत नाहीत. राज्य बदललं की क्रमांकही बदलू शकतो. कार्लोस 'प्रिमेरो' (पहिला) हा स्पेनचा राजा आणि कार्लोस 'किंतो' (पाचवा) हा पवित्र रोमन सम्राट, ही एकच व्यक्ती. गोव्याच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांनी इथे विशेष सांभाळावं. 1580 ते 1640 या काळात स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, त्यामुळे स्पेनचा फेलिपे तिसरा हा पोर्तुगीज कागदांत दुसरा असतो. कोणत्या मोजणीने लिहिताय हे एकदा ठरवा, आणि गोव्याच्या व्हाइसरॉयला 'बिर्रेय' म्हणा.

परदेशी राजांची नावंही परंपरेने स्पॅनिश रूपात येतात: चार्ल्स तिसरे 'कार्लोस तेर्सेरो', एलिझाबेथ दुसऱ्या 'इसाबेल सेगुंदा'. ब्रिटिश 'अर्ल' आणि युरोपातला 'काउंट' या दोघांनाही 'कोंदे'च.

राजा-राणींना 'माखेस्ताद' (इंग्रजीतलं 'मॅजेस्टी'), वारसाला आणि इन्फान्त्यांना 'आल्तेसा रेआल' ('रॉयल हायनेस') असं संबोधतात. संबोधन थेट असलं तरी क्रियापद तृतीयपुरुषी. 'माखेस्ताद' हा शब्द स्त्रीलिंगी, पण पुढच्या वाक्यातलं विशेषण व्यक्तीच्या लिंगाप्रमाणे चालतं: 'सु माखेस्ताद एस्ता कान्सादो' (महाराज थकले आहेत) असं राजाबद्दल, 'कान्सादा' राणीबद्दल. शब्दाला अगदी चिकटलेलं विशेषण मात्र स्त्रीलिंगीच राहतं, म्हणून 'सु माखेस्ताद कातोलिका' हे पुरुष राजालाही.

आपल्या पदव्या स्पॅनिशमध्ये नेताना 'महाराजा' आणि 'महाराणी' सोपे, कारण ते शब्द त्या भाषेने आधीच घेतले आहेत. 'पेशवा' मात्र 'रेय' नव्हे. तो छत्रपतींचा प्रधान. 'पेशवा' तसाच ठेवून पहिल्या उल्लेखात 'प्रिमेर मिनिस्त्रो' अशी जोड द्या; बाळाजी विश्वनाथांपासून पुढच्या पेशव्यांसाठी 'एरेदितारियो', म्हणजे वंशपरंपरागत, हेही जोडा. 'छत्रपती' तसंच ठेवून 'सोबेरानो', म्हणजे सार्वभौम राजा, असा खुलासा पुरे.

आणि लिहिताना इंग्रजीची सवय सोडा. रॉयल स्पॅनिश अकादमीच्या 2010च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे 'रेय', 'रेइना', 'प्रिन्सिपे', 'दुके' हे शब्द लहान अक्षराने सुरू होतात, पुढे नाव असलं तरीही. 'एस. एम.' (सु माखेस्ताद), 'एस. ए. आर.' (सु आल्तेसा रेआल) अशी संक्षेपरूपं मात्र मोठ्या अक्षरांतच.