खारीनं पाडलेली भोकं

आमची भाची संभाजीनगरला आर्ट कॉलेजात आहे, दुसऱ्या वर्षाला. मागं एकदा रात्री साडेदहाला तिचा फोन, मला वाटलं पैसेबियसे पाहिजे असतील, तर म्हणे मामा, गावाकडं शेडमध्ये ठिबकच्या जुन्या नळ्या पडल्यात ना, त्या भंगारवाल्याला देऊ नका. म्हणलं तुला काय करायच्यात? तर म्हणे झुंबर करायचंय.

कॉलेजात असाइनमेंट होती, टाकून दिलेल्या वस्तूंपासून शोभेचा दिवा. आता टाकाऊतून टिकाऊ हा शब्द आपल्याला काही नवा नाही, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला तेच तर होतं, पण खरं सांगू का, त्यात टाकाऊ कधी काही नसायचंच. माझ्या पोराच्या वेळेस मी स्वतः रात्री नऊला स्टेशनरीचं दुकान उघडायला लावून आइस्क्रीमच्या काड्यांचं नवंकोरं पाकीट आणलंय, वर रंगीत कागद, चमकी, फेविकॉल, आणि दुसऱ्या दिवशी त्या घराला टाकाऊतून टिकाऊचा दुसरा नंबर. घरात जुनं म्हणावं तर एक पेपर तेवढा लागला, खाली अंथरायला.

भाचीच्या वर्गात पण तेच झालं म्हणे. एका ग्रुपनं होलसेलमधून दोनशे प्लास्टिकचे चमचे आणले (चमच्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरी मिळाले कुठं ते विचारू नका), दांड्या कापल्या आणि पाच लिटरच्या कॅनवर खवल्यासारखे चिकटवले, आत एलईडी बल्ब, दिसायला अगदी अननस, देखणा. सरांनी चारी बाजूंनी फिरून बघितला आणि एवढंच विचारलं, "या चमच्यांनी कुणी काय खाल्लं?" सगळे गप्प. मला हे सर लई आवडले, भेटलो नाही तरी.

तर नळ्या. आमचं गाव पैठण तालुक्यात, आबांची दीड एकर मोसंबी होती. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना, औरंगाबाद भागातल्या कितीतरी बागा वाळून गेल्या त्यात आमची पण गेली. टँकरनं पाणी घालून बघितलं, मग तेही परवडेना, शेवटी करवतवाले बोलवून झाडं सरपणात गेली. नळ्या मात्र आबांनी गुंडाळून शेडमध्ये ठेवल्या, परत बाग लावायची म्हणून. बाग काही लागली नाही. नळ्यांच्या बंडलावर कोंबडी अंडी घालायची.

बाग होती तेव्हा आबांची दुष्मनी दोघांशी, एक लाईट आणि दुसरी खार. उन्हाळ्यात रानात कुठंच पाणी नसतं तेव्हा खारीला नळीत पाणी आहे हे बरोबर कळतं आणि ती कुरतडून भोक पाडते, पाणी पिते आणि जाते, मग तिथून दिवसभर चिळकांडी उडत राहते आणि पुढच्या झाडाला थेंब पोचत नाही. त्यामुळं आबांच्या बंडीच्या एका खिशात तंबाखूची डबी आणि दुसऱ्यात मूठभर जॉइनर. सकाळी ओळीनं चालत जायचं, चिळकांडी दिसली की खाली बसायचं, तेवढा तुकडा ब्लेडनं कापायचा, जॉइनर घालायचा, उठायचं. आणि उठताना खारीला शिवी, ती इथं लिहित नाही.

सोळा एमएमची नळी ही, काळी. काळी कशामुळं, तर प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक घातलेलं असतं, म्हणजे उन्हानं नळी लवकर तडकत नाही, आणि दुसरं म्हणजे उजेड आत गेला नाही की शेवाळं धरत नाही. ज्या नळीत उजेड शिरू नये म्हणून सगळी खटपट, तिच्यातच आमची पोरगी लाईट सोडायला निघाली.

सुरुवातीला तिनं आपलं आर्ट कॉलेजवाल्यांसारखंच केलं. बीबी का मकबऱ्यात जाऊन तिथल्या संगमरवरी जाळीची स्केचेस काढली, नळीचे चांगले तुकडे निवडले, तापलेल्या सोल्डरिंगनं मापून मापून भोकं पाडली. सायकलच्या जुन्या रिंगला वेढे दिले आणि आत जुना पिवळा बल्ब लावला. त्या बल्बात विजेचा उजेड कमी आणि ऊबच जास्त, अर्ध्या तासात नळी मऊ पडली आणि रूममध्ये असा वास सुटला की खालच्या काकू वर बघायला आल्या. मग मोबाईलच्या चार्जरवर चालणारी ती तांब्याच्या बारीक तारेची माळ आणली, ती गरम होत नाही, फक्त नळीत सरकवायची कशी? भिंतीतल्या पाइपातनं वायर ओढायला इलेक्ट्रिशियनकडं लांब स्प्रिंग असते, ती मागून आणली. पेटला एकदाचा. पण मला फोटो पाठवला तर मी म्हणलं छान आहे, दुकानातल्यासारखा दिसतोय. यावर ती दोन दिवस बोलली नाही.

पुढं झालं असं की चांगले तुकडे संपले आणि उरले ते खारीचे. वेळ नव्हता, म्हणून तिनं त्यातच माळ ओढली आणि रात्री लावून बघितलं. कुठं वीतभर अंतरात तीन भोकं, कुठं हातभर काहीच नाही, कडांना दातांच्या खुणा, आणि भिंतीवर जे उजेडाचे फराटे पडले ना, काही बारीक काही फाटके, ते मापून पडतच नसतात. सरांनी बघितलं आणि म्हणे जाळीवाले सगळे काढून टाक.

मग तिनं मला एका इटालियन दिव्याचा फोटो दाखवला, टॉयो नावाचा, १९६२ साली कास्टिग्लिओनी बंधूंनी केलेला. वर मोटारीचा हेडलाईट, वायर धरायला मासे पकडायच्या गळाच्या काठीच्या कड्या, आणि ट्रान्सफॉर्मर लपवायच्या ऐवजी सरळ खाली ठेवलाय, त्याच्याच वजनावर दिवा उभा. हेडलाईट हेडलाईटच दिसतो, त्याला फूल नाही केलं. मी म्हणलं आमच्याकडं पण होता असा, औषधाच्या बाटलीची चिमणी, पत्र्याच्या टोपणाला खिळ्यानं भोक आणि आबांच्या जुन्या धोतराची वात, बाटलीवरचं लेबल सुद्धा कुणी काढलं नव्हतं, खोकल्याच्या औषधाच्या उजेडात मी पाढे पाठ केलेत. ती म्हणली मामा, हे आधी सांगायचं ना. आता मला काय माहीत हे सुद्धा सांगण्यासारखं असतंय!

प्रदर्शनाला आबांना घेऊन गेलो. पांढरं धोतर, टोपी, हातात पिशवी, पोरापोरींच्या गर्दीत एकदम उठून दिसत होते. झुंबराखाली पुठ्ठ्याचं कार्ड होतं, आबांनी चष्मा लावून बोट फिरवत वाचलं, साहित्य अमुक, रिंग तमुक, आणि सगळ्यात खाली, भोकं : खार.

"आन पैशे कुणी भरले?" आबा म्हणले.

भाची हसायली, आबा काही हसले नाहीत. झुंबराभोवती एक चक्कर मारली, मान वर करून एकेक वेढा बघत गेले, बागेत ओळीनं चालायचे तसेच. एका ठिकाणी थांबले. हात आपोआप बंडीच्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला.

"ह्यो जॉइनर ढिला हाय. गळायलाय."

"आबा, त्याच्यात पाणी नाही, लाईट आहे."

"तेच म्हणतोय मी. बघ की."

खरंच, जॉइनरच्या फटीतून उजेडाची एक बारीक रेघ खाली आबांच्या टोपीवर पडली होती. भाचीनं स्टूल ओढलं, वर चढली आणि दोन्ही हातांनी दाबून जॉइनर बसवला.